शिबिराचा पैसा कोणाचा? जलशाच्या इतिहासाकडून केळापूरसाठी काही धडे

१४ एप्रिल झाला की आठ-पंधरा दिवसांत शाळांना सुट्ट्या लागतात. केळापूर तालुक्यातल्या वस्त्यांमधली पोरं ऐन उन्हात रिकामी फिरतात. त्यांच्यासाठी गाणं, ढोलकी, पथनाट्य, शाहिरी शिकवणारं उन्हाळी शिबीर घ्यावं असं प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणतं. मग एकच प्रश्न येतो, पैसा कुठून आणायचा? विषय तिथेच थांबतो. पण हा प्रश्न काही आपल्यालाच पहिल्यांदा पडलेला नाही. आपल्या चळवळीला तो पावणेदोनशे वर्षांपासून पडत आला आहे आणि त्याची उत्तरंही तिने दिली आहेत.

पहिला अनुभव जोतीराव फुल्यांचा. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. हा फंड मुळात पेशवाईतला. ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांनी अंशतः मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवली होती. म्हणजे पैसा रयतेच्या करातला, पण कोणाला द्यायचा हे ठरवणारे हात जुनेच! भटशाहीने नाडलेलं कुणबी जोडपं शेवटी जोतीरावांच्या शाळेकडे वळतं, असं हे नाटक. ते कमिटीने नाकारलं. पुढे ते छापून यायला १९७९ साल उजाडलं. सरकारी निधी नुसता असून भागत नाही, तो वाटणाऱ्या टेबलावर कोण बसलंय हे महत्त्वाचं असतं.

दुसरा अनुभव बाबासाहेबांचा. महाडच्या सत्याग्रहासाठी पैशाची अत्यंत गरज होती. तेव्हा तमाशातले नामवंत शाहीर पठ्ठे बापूराव खेळांचं उत्पन्न द्यायला आले आणि बाबासाहेबांनी ते नाकारलं, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. कारण स्पष्ट होतं. आपल्याच समाजातल्या बाया फडावर नाचवून मिळालेला पैसा समाजाच्या मुक्तीसाठी कसा घ्यायचा? आज एखाद्या शिबिराच्या बॅनरवर गुटखेवाल्याचा किंवा निवडणुकीच्या इच्छुकाचा फोटो लावायची वेळ आली, तर ही आठवण समोर ठेवावी.

तिसरा अनुभव आंबेडकरी जलशांचा. सत्यशोधक जलशांची वाट पुढे नेत नाशिकच्या भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी जलसे उभे केले. हे धंदेवाईक फड नव्हते. माणसं कष्टकरी, पोटाचा धंदा वेगळा आणि रात्री गावोगाव प्रबोधन. ज्यांच्यासाठी जलसा होता, त्या समाजाच्याच आधारावर तो चालला. म्हणून त्याला कोणाची मर्जी राखावी लागली नाही.

उलट उदाहरण अमेरिकेचं आहे. महामंदीत १९३५ साली तिथल्या सरकारने बेरोजगार कलावंतांसाठी फेडरल थिएटर प्रोजेक्ट सुरू केला. त्यात कृष्णवर्णीयांची स्वतंत्र नाट्यपथकंही होती. नाटकं सत्ताधाऱ्यांना बोचू लागली तशी ओरड झाली आणि ३० जून १९३९ ला संसदेने पैसा बंद केला. प्रकल्प संपला.

म्हणून सरकारचा पैसा घ्यायचाच नाही का? तसं मुळीच नाही. तो आपला हक्क आहे, उपकार नव्हे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. आपल्या तालुक्यातल्या पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतून थेट निधी येतो, त्याचा आराखडा ग्रामसभा ठरवते. गोंड-कोलाम पोरांची दंडारी आणि आपल्या पोरांची शाहिरी एकाच शिबिरात शिकवली, तर ग्रामसभेत दोन्ही समाज एकत्र हात वर करतील. मात्र शिबिराचा कणा त्या निधीवर उभा करू नये. तो आपल्या वर्गणीवर असावा.

हे अशक्य आहे का? रयत शिक्षण संस्थेच्या मुष्टिफंडात बायांनी मूठ-मूठ धान्य बाजूला काढलं आणि वसतिगृहातली पोरं जेवली. आपला हिशोब करू. वस्तीत ८० घरं धरा. घरामागे महिन्याला २० रुपये, म्हणजे वर्षाला १९,२०० रुपये. १५ दिवसांचं शिबीर, दोन शिक्षक, रोजचं मानधन प्रत्येकी ५०० रुपये, झाले १५,०००. उरलेल्या ४,२०० रुपयांत डफ-ढोलकीची दुरुस्ती आणि पोरांचा नाश्ता बसवायचा. जागा विहाराची. वर्ग सकाळी आणि संध्याकाळी, दुपारी विदर्भाचं ऊन कोणाला सोडत नाही. जयंतीला एका रात्रीच्या डीजेला आपण किती देतो, ते ज्याने-त्याने आपल्या वहीत पाहावं.

मानधनाचा आकडा मी मुद्दाम धरला आहे. कार्यकर्ते म्हणतील, ‘शाहीर आपलेच आहेत, फुकट शिकवतील.’ इथे जलशाच्या परंपरेतली उणी बाजूही पाहिली पाहिजे. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले ते हलाखीत. वामनदादा कर्डकांनी गावोगाव भीमगीतं पोहोचवली, पण त्यांच्या संसाराची ओढाताण सुटली नाही. आपण त्यांची गाणी गातो, जयंत्या करतो. जिवंत शाहिराच्या हातावर मात्र शाल आणि नारळ ठेवतो. कलावंताचे श्रम फुकट वापरणं म्हणजे बलुतेदारीचीच सवय आहे. जे व्यवस्थेने आपल्याशी केलं, ते आपण आपल्या शाहिरांशी करायचं नाही.

म्हणून युवकांनो, जयंतीचा हिशोब विहारात वाचून दाखवाल त्याच दिवशी शिबिराची वर्गणी-वही उघडा. तिच्या पहिल्या पानावर खर्चाची पहिली ओळ शिक्षकाच्या मानधनाची असू द्या.

जयभीम!