अन्नधोके-नियोजन : व्यावसायिक स्वयंपाकघरांतील

उपाहारगृहे, खानावळी, वसतिगृहांच्या मेस, केटररचे भटारखाने अशा ठिकाणी अन्नातून होऊ शकणारा अपाय आधीच ओळखून तो रोखण्याची आखीव पद्धत. धोके तीन प्रकारचे मानतात : जैविक (जिवाणू, विषाणू, परजीवी), रासायनिक (कीटकनाशके, धुलाईची द्रव्ये) व भौतिक (काच, खडे, तारेच्या घासणीचे तुकडे). ॲलर्जी आणणाऱ्या घटकांचाही विचार त्यांच्यासोबत होतो. या पद्धतीचे सर्वमान्य रूप म्हणजे ‘धोका विश्लेषण व निर्णायक नियंत्रण बिंदू’. व्यवहारात तिला ‘हॅसॅप’ म्हणतात. तयार ताट तपासून अन्न सुरक्षित होत नाही. ज्या टप्प्यावर झालेली चूक पुढे कशानेही भरून निघत नाही, तो टप्पा हेरून तेथेच पहारा बसवावा लागतो, हा तिचा गाभा.

हा विचार १९६० च्या सुमारास अमेरिकेत, अंतराळवीरांचे अन्न तयार करताना पुढे आला. पिल्सबरी कंपनीचे हॉवर्ड बाउमन, नासा आणि अमेरिकी सैन्याची नेटिक प्रयोगशाळा यांना असे दिसले की, नुसत्या तपासणीवर भिस्त ठेवायची तर तयार मालाचा मोठा हिस्सा तपासणीतच खर्ची पडेल. साधे गणितही तेच सांगते. हजार ताटांमागे एक ताट दूषित असेल, तर ६० ताटे तपासूनही ते हाती न लागण्याची शक्यता सुमारे ९४ टक्के असते. शिवाय तपासलेले ताट वाढता येत नाही. १९७१ मध्ये ही पद्धत जाहीरपणे मांडली गेली आणि १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने तिची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. धोके ओळखणे, निर्णायक टप्पे ठरवणे, प्रत्येक टप्प्याची मोजता येणारी मर्यादा आखणे, देखरेख, मर्यादा मोडल्यास करायची कृती, पडताळणी आणि नोंदी ही तिची सात अंगे.

निर्णायक टप्पा कोणता, हे वरवर पाहून कळत नाही. भाताचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. रात्री उरलेला ४० लिटरच्या पातेल्यातील भात झाकून ओट्यावर ठेवला की कडेचा भात निवतो, पण मधला भात कित्येक तास कोमट राहतो. तांदळातील ‘बॅसिलस सिरियस’ जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. त्या कोमट गाभ्यात ते रुजतात, वाढतात आणि उलट्या आणणारे विष तयार करतात. सकाळी फोडणी देऊन भात वाफाळता केला तर जिवाणू मरतात, विष मात्र टिकते. म्हणून ‘पुन्हा कडकडीत गरम केले की झाले’ ही समजूत येथे घातक ठरते. पहारा हवा तो निवण्याच्या टप्प्यावर : भात उथळ परातींत पसरावा, २ तासांत २१° से.पर्यंत आणि पुढील ४ तासांत ५° से.पर्यंत उतरवावा. वाढायचे गरम अन्न ६०° से.च्या वर राखावे.

तापमान सांभाळले की सारे धोके टळतात, असे मात्र नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात, गंडामन येथील शाळेत मध्यान्ह भोजनानंतर २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. अशा विषावर चुलीची आच हा उतारा नव्हे. त्याचा बंदोबस्त कोठीघरातच व्हायला हवा : रसायने वेगळ्या खोलीत, त्यांचे डबे अन्नासाठी कधीही न वापरणे, प्रत्येक भांड्यावर नाव. पाणी, हातधुणी, उंदीर-झुरळांचा बंदोबस्त, कच्च्या मांसासाठी वेगळी सुरी व पाट ही शिस्त नसेल, तर वरची सगळी योजना पायाविना उभी राहते.

या पद्धतीवरचे आक्षेप गांभीर्याने घ्यावे लागतात. पहिला असा की, मुरलेल्या आचाऱ्याचे नाक व जीभ थर्मामीटरहून सरस असतात. चवीबाबत हे खरे. परंतु आजार आणणारे जिवाणू अनेकदा वास, रंग, चव यांपैकी काहीच बदलत नाहीत. दुसरा आक्षेप खर्चाचा : लहान खानावळीला हे कसे झेपावे? पण उथळ परात, साधा थर्मामीटर आणि एक वही यांना मोठे भांडवल लागत नाही. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने लहान व्यावसायिकांसाठी याच तत्त्वांची सोपी दैनंदिनी तयार केली आहे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : नोंदवह्या महिनाअखेरीस एका बैठकीत भरल्या जातात. तसे होते, त्यावर उपाय वही टाकून देणे नसून नोंदी मोजक्या निर्णायक टप्प्यांपुरत्या ठेवणे आणि मालकाने स्वतः त्या अधूनमधून ताडून पाहणे हा आहे.

भारतात अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आणि त्याखालील २०११ च्या परवाना व नोंदणी नियमांनी स्वच्छतेच्या अटी बंधनकारक केल्या आहेत. परंतु मर्यादा मोडल्यावर काय करायचे, याचे उत्तर शेवटी त्या स्वयंपाकघरालाच द्यायचे असते. रात्रभर कोमट राहिलेला भात टाकायचा की वाढायचा, हे सकाळच्या गर्दीत ठरवायला घेतले तर नुकसानाची भीती जिंकते. म्हणून तो टाकण्याचा अधिकार कोणाचा, हे योजनेत आधीच लिहिलेले असावे, आणि तो बजावणाऱ्या आचाऱ्याच्या पगाराला त्यामुळे धक्का लागू नये. जेवणाऱ्याला भटारखाना दिसत नाही. त्याच्या वतीने तेथे उभा असतो तो हा आचारी.