सल्ला, निर्णय आणि नागरिक : पश्चिम घाट तज्ज्ञ गटाच्या अहवालाचा इतिहास (२०१०–२०१२)

प्रस्तावना

शासन एखाद्या प्रश्नावर तज्ज्ञांची समिती नेमते, समिती आपला अहवाल सादर करते आणि त्यानंतर तो अहवाल मंत्रालयाच्या कपाटात विसावतो, हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. अशा अहवालावर अंतिम मालकी कोणाची? समिती नेमणाऱ्या मंत्रालयाची, की ज्यांच्या जमिनी, पाणी आणि उपजीविका यांविषयी तो लिहिला गेला त्या लोकांची? शासनाने शिफारशी स्वीकारण्यापूर्वी सामान्य नागरिकाला तो वाचण्याचा अधिकार आहे काय? माहितीच्या अधिकाराच्या इतिहासात या प्रश्नांची कसोटी ज्या प्रकरणात लागली, ते प्रकरण म्हणजे प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाचा अहवाल होय. महाराष्ट्र व गोवा ही दोन्ही राज्ये या अहवालाच्या कार्यक्षेत्रात येत असल्याने मराठी अभ्यासकांना त्याचे विशेष महत्त्व आहे. त्या अहवालातील पर्यावरणविषयक शिफारशींचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. अहवाल सादर झाल्यापासून तो जनतेसमोर येईपर्यंतच्या सुमारे नऊ महिन्यांचा मागोवा घेणे आणि त्या विलंबाचा अर्थ शोधणे एवढीच त्याची मर्यादा आहे.

गोपनीयतेची परंपरा

शासकीय सल्ला गोपनीय असतो ही समजूत ब्रिटिश अमदानीतील आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम १२३ नुसार राज्यकारभाराशी संबंधित अप्रकाशित अभिलेखांवर आधारलेला पुरावा खातेप्रमुखाच्या परवानगीशिवाय देता येत नसे. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाने या वृत्तीला फौजदारी कायद्याचे बळ दिले. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ७४(२) ने मंत्रिमंडळाने राष्ट्रपतींना दिलेल्या सल्ल्याची चौकशी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवली. ही तरतूद मंत्रिमंडळापुरती असली, तरी प्रशासनाच्या खालच्या पायऱ्यांवरही तिची सावली पडत राहिली आणि प्रत्येक टिपण व प्रत्येक अभिप्राय ‘आतला’ मानण्याची सवय रूढ झाली.

या सवयीला न्यायालयांनी टप्प्याटप्प्याने आव्हान दिले. राज नारायण प्रकरणात (१९७५) सर्वोच्च न्यायालयाने लोकसेवकांच्या सार्वजनिक कृती जाणून घेण्याचा जनतेचा हक्क मान्य केला. एस. पी. गुप्ता प्रकरणात (१९८१) न्यायालयाने एक सूक्ष्म पण दूरगामी भेद केला. मंत्रिमंडळाचा सल्ला संरक्षित असला, तरी तो ज्या सामग्रीवर आधारलेला असतो ती सामग्री आपोआप संरक्षित होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तज्ज्ञ समितीचा अहवाल ही अशीच आधारभूत सामग्री असते. पुढील वादाचे बीज या भेदात होते.

सल्लागार समित्यांच्या बाबतीत वैधानिक व्यवस्था मात्र दीर्घकाळ अपुरी राहिली. १९५२ च्या चौकशी आयोग अधिनियमाखाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल शासनाला कार्यवाहीच्या निवेदनासह सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. केवळ प्रशासकीय आदेशाने नेमलेल्या समितीला असे बंधन नसते. अमेरिकेत १९७२ साली संघराज्य सल्लागार समिती अधिनियम संमत झाला आणि अशा समित्यांच्या बैठका व कागदपत्रे सामान्यतः जनतेला खुली असावीत हे तत्त्व तेथे कायद्यात आले. भारतात असा स्वतंत्र कायदा झाला नाही. ही उणीव काही अंशी भरून निघाली ती माहितीच्या अधिकारामुळे. गोव्याने १९९७ मध्ये आणि महाराष्ट्राने २००० मध्ये आपापले कायदे केले. महाराष्ट्राच्या पहिल्या कायद्यातील त्रुटींविरुद्ध अण्णा हजारे यांनी आंदोलन केल्यानंतर त्याची जागा अधिक व्यापक कायद्याने घेतली. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय अधिनियम पूर्णपणे अमलात आला.

केंद्रीय अधिनियमातील दोन तरतुदी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे ‘माहिती’ या संज्ञेच्या व्याख्येत अहवालांबरोबरच ‘अभिमत’ आणि ‘सल्ला’ यांचा स्पष्ट समावेश आहे. दुसरी तरतूद कलम ४ मधील आहे. सल्ल्यासाठी नेमलेल्या मंडळांची व समित्यांची यादी प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करावी, तसेच त्यांच्या बैठका जनतेला खुल्या आहेत किंवा नाहीत आणि इतिवृत्ते पाहावयास मिळतात किंवा नाहीत, हेही जाहीर करावे, असे हे कलम सांगते. महत्त्वाची धोरणे आखताना सर्व संबंधित तथ्ये प्रसिद्ध करण्याचे कर्तव्यही याच कलमात आहे. कायद्याच्या शब्दांत सल्ला आता गुपित राहिलेला नव्हता. प्रशासनाच्या व्यवहारात मात्र चित्र वेगळे होते.

तज्ज्ञ गटाची नियुक्ती व कार्यपद्धती

फेब्रुवारी २०१० मध्ये निलगिरीतील कोटागिरी येथे पश्चिम घाट बचाव चळवळीचा मेळावा झाला. तत्कालीन पर्यावरण व वन राज्यमंत्री (स्वतंत्र कार्यभार) जयराम रमेश त्यास उपस्थित होते. त्या पार्श्वभूमीवर ४ मार्च २०१० रोजी मंत्रालयाने तज्ज्ञ गट नियुक्त केला. तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे दीड हजार किलोमीटर पसरलेल्या, सहा राज्यांना स्पर्श करणाऱ्या पर्वतरांगेतील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे निश्चित करणे हे त्याचे मुख्य काम होते. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचा स्वतंत्र विचार करण्याची जबाबदारीही त्याच्यावर सोपविण्यात आली.

गटाची कार्यपद्धती मुळातच खुली होती. संवेदनशीलता कशी मोजावी, घाटाचे चौकोनांत विभाजन कसे करावे, कोणत्या निकषांना गुण द्यावेत, याविषयीचा प्रस्ताव ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २०११ च्या आरंभी प्रसिद्ध करण्यात आला, तोही अहवाल पूर्ण होण्याआधी. म्हणजे पद्धती विद्वानांच्या टीकेसाठी खुली होती. पुढे दडवून ठेवला गेला तो त्या पद्धतीने निघालेला निष्कर्ष.

अहवाल ३१ ऑगस्ट २०११ रोजी मंत्रालयास सादर झाला. तोपर्यंत जयराम रमेश यांच्याकडून हे खाते जयंती नटराजन यांच्याकडे गेले होते. अहवालाने १४२ तालुक्यांची तीन संवेदनशील विभागांत वर्गवारी सुचविली होती. मात्र या सीमा व नियम अंतिम नाहीत, ग्रामसभांपर्यंत चर्चा होऊन त्यांना आकार यावा, अशी त्याची स्पष्ट भूमिका होती. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पंचवीस गावांच्या ग्रामसभांनी आपला परिसर संवेदनशील म्हणून घोषित व्हावा असे ठराव केल्याची नोंदही अहवालात आहे. लोकांशी चर्चा करा, असे सांगणारा हा दस्तऐवज होता. तो लोकांपासून दूर ठेवणे म्हणजे त्यातील मुख्य शिफारसच अमलात येऊ न देणे होते. या प्रकरणातील खरा विरोधाभास हाच होय.

माहिती आयोग व उच्च न्यायालय

केरळमधील एका नागरिकाने अहवालाच्या सारांशाची मागणी केली असता मंत्रालयाने ती नाकारली. अहवाल अद्याप अंतिम नाही, संबंधित राज्यांशी विचारविनिमय चालू आहे, असे कारण देण्यात आले. कलम ८ मधील पहिल्या अपवादाचा, म्हणजे राज्याच्या सामरिक, वैज्ञानिक वा आर्थिक हितसंबंधांना बाधा पोहोचण्याचा, आधार घेण्यात आला. अहवाल वेळेआधी उघड झाल्यास संवेदनशील क्षेत्रे घोषित करण्याच्या प्रस्तावांचा पूर येईल, अशी भीतीही व्यक्त करण्यात आली. हा युक्तिवाद बारकाईने पाहण्यासारखा आहे. नागरिकांनी अहवाल वाचून मागण्या कराव्यात, ही लोकशाहीत स्वागतार्ह मानावी अशी शक्यताच येथे धोका म्हणून मांडली गेली.

प्रकरण दुसऱ्या अपिलात केंद्रीय माहिती आयोगापुढे आले. मुंबईतील माहिती अधिकार चळवळीतून पुढे आलेले माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी ९ एप्रिल २०१२ रोजी निर्णय दिला. तज्ज्ञ गटाचे काम पूर्ण झाले आहे, त्याच्यापुरता अहवाल अंतिमच आहे. शासनाने त्यावर काय करावयाचे हा पुढचा आणि वेगळा प्रश्न आहे, असा त्या निर्णयाचा गाभा होता. धोरण ठरण्यापूर्वी माहिती मिळाली तरच नागरिकाचा सहभाग अर्थपूर्ण होतो, ठरल्यानंतर मिळालेली माहिती केवळ इतिहासाच्या उपयोगाची, हे सूत्र त्यातून निघते. अहवाल संकेतस्थळावर ठेवण्यास मे महिन्याच्या पूर्वार्धातील मुदत देण्यात आली. एवढ्यावरच न थांबता आयोगाने अशा समित्यांचे अहवाल प्राप्त झाल्यापासून तीस दिवसांत प्रसिद्ध करण्याची पद्धत अनुसरण्याचा निर्देशही मंत्रालयास दिला.

मंत्रालयाने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. न्या. विपिन सांघी यांनी १७ मे २०१२ रोजी याचिका फेटाळली. शिफारशी स्वीकारणे वा नाकारणे हा शासनाचा अधिकार न्यायालयाने अबाधित ठेवला. पण तो अधिकार वापरला जाण्यापूर्वी आपले म्हणणे मांडण्याची संधी लोकांना मिळावयास हवी आणि त्यासाठी अहवाल त्यांच्या हाती हवा, हे मान्य केले. राज्याचे आर्थिक वा वैज्ञानिक हित पर्यावरण रक्षणाच्या विरोधात उभे करता येणार नाही, असेही न्यायालयाने सूचित केले. अखेर २३ मे २०१२ रोजी अहवाल मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आला. मंत्रालयाने तो औपचारिकरीत्या स्वीकारलेला नाही, अशी सूचना त्यासोबत जोडलेली होती.

उपलब्धता आणि आकलन

कायदेशीर लढाई येथे संपली. परंतु इतिहासकाराच्या दृष्टीने प्रश्न येथे संपत नाही. अहवाल उपलब्ध झाला तो इंग्रजीत, संकेतस्थळावर आणि दीर्घ तांत्रिक स्वरूपात. आंबोली वा दोडामार्ग परिसरातील शेतकऱ्याला त्यातून आपल्या गावासंबंधी नेमके काय सुचविले आहे हे कळणे दुरापास्त होते. नऊ महिने मूळ संहिता हाती नसल्याने अफवांना मोकळे रान मिळाले होते. घरे बांधता येणार नाहीत, शेती सोडावी लागेल, लोकांना उठविले जाईल, असे समज पसरले आणि अहवाल आल्यावरही ते टिकून राहिले. महाराष्ट्र शासनाने संकेतस्थळावर ठेवलेला मराठी सारांश विपर्यस्त असल्याचा जाहीर आक्षेप गाडगीळ यांनी पुढे घेतला. लोकांनी अहवाल नाकारला असे म्हटले जाते, तेव्हा त्यांनी नेमके काय नाकारले हे विचारणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

दरम्यान ऑगस्ट २०१२ मध्ये डॉ. के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय कार्यगट नेमण्यात आला. एप्रिल २०१३ मध्ये सादर झालेल्या त्याच्या अहवालाने सुमारे ३७ टक्के, म्हणजे जवळपास ६० हजार चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील ठरविण्याची शिफारस केली. त्याआधारे पहिली प्रारूप अधिसूचना १० मार्च २०१४ रोजी निघाली आणि सहावी ३१ जुलै २०२४ रोजी, म्हणजे वायनाडमधील भीषण भूस्खलनाच्या दुसऱ्या दिवशी. दशकभर प्रारूपे निघत राहणे ही केवळ प्रशासकीय दिरंगाई नव्हे. आरंभीच्या टप्प्यात जो संवाद झाला नाही, त्याची किंमत पुढच्या प्रत्येक टप्प्यावर मोजावी लागली, असे त्याचे एक वाचन करता येते. राज्य शासनांचा विरोध, खाणउद्योगाचे हितसंबंध आणि स्थानिक राजकारण हे घटक अर्थातच होते. पण माहितीच्या अभावाने त्यांना अनुकूल भूमी मिळाली.

भाषेच्या प्रश्नाकडे न्यायव्यवस्थेचे लक्ष पुढे गेले, हीही नोंद घ्यावयास हवी. २०२० च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या प्रारूप अधिसूचनेचे आठव्या अनुसूचीतील भाषांत भाषांतर करावे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी केंद्र शासनास फर्माविले. २०१२ मध्ये ‘अहवाल दाखवा’ एवढीच मागणी होती. आठ वर्षांनी ती ‘आम्हाला कळेल अशा भाषेत दाखवा’ इथपर्यंत आली.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, सल्लागार समितीचा अहवाल समितीने सादर केला त्या दिवशी पूर्ण होतो. शासनाची स्वीकृती हा त्याच्या अस्तित्वाचा नव्हे, तर अंमलबजावणीचा प्रश्न आहे. २०१२ च्या दोन्ही निर्णयांनी हा भेद प्रस्थापित केला. दुसरा, माहितीच्या अधिकारात काळ हा घटक आशयाइतकाच महत्त्वाचा आहे. नऊ महिन्यांनी मिळालेला अहवाल अक्षरशः तोच असला, तरी तो ज्या समाजात उतरला तो समाज दरम्यानच्या काळात बदललेला होता. तिसरा, संकेतस्थळावरील उपलब्धता आणि जनतेचे आकलन यांत अंतर आहे आणि ते भाषेनेच भरून निघू शकते.

या तिसऱ्या निष्कर्षाचा संबंध महाविद्यालयांशीही येतो. अहवालाच्या कार्यक्षेत्रातील अनेक तालुक्यांत आज महाविद्यालये आहेत. आपल्या परिसराविषयीचे शासकीय अहवाल मिळविणे, ते मराठीत आणणे आणि ग्रामसभेपुढे जसेच्या तसे ठेवणे हे काम भूगोल, इतिहास, राज्यशास्त्र व मराठी या विभागांना एकत्रितपणे करता येण्याजोगे आहे. न्यायालयाने अहवालाचे दार उघडून दिले. तो गावापर्यंत पोहोचविण्याचे काम मात्र बव्हंशी बाकी आहे.