प्रकाशगतिकी चिकित्सा व औषधरोध

स्वतः फारशी विषारी नसलेली, परंतु विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषल्यावर कोशिकांना मारक ठरणारी संयुगे वापरून केलेली कर्करोगाची चिकित्सा. म्यूनिक येथे ऑस्कर राब या विद्यार्थ्याला १९०० मध्ये ॲक्रिडीन रंजकद्रव्यात ठेवलेले पॅरामिशियम हे आदिजीव उजेडात मरतात व अंधारात तगतात, असे आढळून आले. त्याचे गुरू हेर्मान फोन टापाइनर यांनी १९०३ मध्ये इओसीन वापरून त्वचेच्या कर्करोगावर प्रयोग केले व पुढे या क्रियेस ऑक्सिजन लागतो हेही दाखविले. त्यानंतर हा विषय बराच काळ मागे पडला. टॉमस डॉहर्टी यांनी १९७८ मध्ये बफालो येथील २५ रुग्णांतील ११३ अर्बुदांपैकी १११ पूर्णतः किंवा अंशतः ओसरल्याचे नोंदविले, तेव्हा त्याला खरी प्रतिष्ठा लाभली.

दरम्यान १९७६ मध्ये जुलियानो व लिंग यांना औषधास दाद न देणाऱ्या कोशिकांच्या पटलात पी-ग्लायकोप्रथिन सापडले. हे प्रथिन आत शिरलेले औषध पंपाप्रमाणे बाहेर फेकते. प्रकाशाने निर्माण होणारा उत्तेजित ऑक्सिजन मात्र क्षणार्धात आसपासच्या पटलांवर आघात करतो. त्याला उपसून टाकण्यास पंपाला अवधीच मिळत नाही. तथापि या युक्तीने औषधरोध सर्वस्वी टळतो, हे म्हणणे अतिशयोक्त होय. खुद्द प्रकाशसंवेदक द्रव्यच काही पंप बाहेर टाकतात. असा एक पंप नसलेल्या उंदरांना लसूणघासयुक्त खाद्य दिल्यावर त्यातील हरितद्रव्यजन्य पदार्थ अंगात साचून उजेडाने कानांवर व्रण झाले, हे २००२ मध्ये दिसून आले. ऑस्लो येथील बेर्ग यांच्या गटाने १९९९ मध्ये निराळा मार्ग सुचविला : कोशिकेतील पुटिकांत अडकलेले मोठे रेणू प्रकाशाने पुटिका फोडून मोकळे करणे.

महाराष्ट्रातील वैद्यांना कोडावरील औषध म्हणून परिचित असलेल्या बावचीच्या बियांतून सोरॅलीन हे संयुग भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये वेगळे केले. त्याच गटातील ८-मिथॉक्सिसोरॅलीन रुग्णास देऊन व त्याच्या रक्तातील श्वेत कोशिका शरीराबाहेर जंबुपार किरणांत ठेवून एडेलसन यांनी १९८७ मध्ये त्वचेच्या टी-कोशिका लसीकार्बुदावर उपचार केले. इतर उपचारांस न जुमानणाऱ्या ३७ रुग्णांपैकी २७ जणांना गुण आला. येथे ऑक्सिजनापेक्षा डीएनएशी होणारे बंधन व शरीराची प्रतिकारक्षमता महत्त्वाची असते. घरी बावची लावून उन्हात बसणे ही ही चिकित्सा नव्हे. त्याने त्वचा भाजते.

तांबडा प्रकाशदेखील ऊतकात साधारण एक सेंटिमीटरपर्यंतच परिणामकारक रीतीने पोहोचतो. त्यामुळे सर्वांगात पसरलेल्या रोगात, म्हणजे औषधरोध सर्वाधिक घातक ठरतो तेथेच, या पद्धतीचा उपयोग मर्यादित राहिला आहे.