अतिदक्षतेचा इतिहास आणि परिचारिका

‘इन्टेन्सिव्ह केअर’ ह्या इंग्रजी संज्ञेस मराठीने ‘अतिदक्षता’ असा प्रतिशब्द योजिला आहे, तो आमच्या मते मूळ संज्ञेहूनही सरस उतरला आहे. इंग्रजी शब्द उपचाराची तीव्रता तेवढी सांगतो. मराठी शब्दाने जागे राहणाऱ्या मनुष्यावर बोट ठेविले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्य, औषध, परिचारक व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले असून, परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दाक्ष्य, अनुराग व शुचिता हे चार गुण असावेत असे म्हटले आहे. दाक्ष्य म्हणजे तेथे कर्मकौशल्य. त्याच शब्दकुळास मराठीत सावधपणाचा अर्थ येऊन मिळाला. दाक्ष्य व शुचिता हे गुण संहिताकारांनी वैद्याकडूनही अपेक्षिले आहेत, अनुराग मात्र परिचारकाकडून मागितला आहे. ग्रंथात एवढे मानाचे स्थान मिळालेला हा पाद वैद्यकाच्या इतिहासात मात्र क्वचितच दृष्टीस पडतो. अतिदक्षता विभागाची कथा यंत्रांची व डॉक्टरांची कथा म्हणून सांगण्याचा प्रघात पडला आहे. ती तशी आहे काय, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

अत्यवस्थ रोग्यास इतरांपासून निराळे काढून नजरेसमोर ठेवावे, ही कल्पना यंत्रांहून जुनी आहे. १८५४ साली ३८ परिचारिकांसह स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी रुग्णालयांविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या १८६३ च्या आवृत्तीत, शस्त्रक्रियागृहास लागून असलेल्या व रोगी सावरेपर्यंत त्यास ठेवण्याच्या लहानशा खोलीचा उल्लेख केला आहे. पुढे १९२३ साली बाल्टिमोर येथे वॉल्टर डँडी ह्या शस्त्रवैद्याने मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रोग्यांसाठी तीन खाटांचा स्वतंत्र कक्ष उघडला. तेथे विशेष असे यंत्र नव्हते. होती ती अनुभवी परिचारिकेची नजर.

परंतु आजच्या अतिदक्षता विभागाचा खरा जन्म कोपनहेगनचा. १९५२ च्या उन्हाळ्यात त्या नगरात पोलिओची भयंकर साथ आली. साथीच्या रोगांचे ब्लेगदाम रुग्णालय भरून गेले. एकेका दिवशी पन्नासपर्यंत रोगी येऊ लागले. ज्यांचे श्वसनाचे व गिळण्याचे स्नायू लुळे पडत, त्यांच्यासाठी लोखंडी फुप्फुस म्हणून ओळखली जाणारी पेटी रुग्णालयात एकच होती, आणि छातीस बांधावयाची साधने सहा. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. मुख्य वैद्य लासेन ह्यांनी अखेर भूल देणाऱ्या तज्ज्ञास, ब्यॉर्न इब्सेन ह्यांस, पाचारण केले. भूल देणाऱ्याचे काम शस्त्रक्रियागृहाच्या दारात संपते असे मानण्याचा तो काळ होता, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. रोग्यांच्या रक्तात साठणारा कार्बन डायॉक्साइड वायू हे मृत्यूचे कारण असून तो बाहेर काढिला पाहिजे, असे इब्सेन ह्यांचे मत पडले.

२७ ऑगस्ट रोजी एका बारा वर्षांच्या मुलीवर हा प्रयोग झाला. गळ्याखाली श्वासनलिकेस छिद्र पाडून नळी बसविली. मुलगी गुदमरून झगडू लागली आणि जमलेल्या डॉक्टरांपैकी कित्येक निराश होऊन निघूनही गेले. इब्सेन ह्यांनी तिला गुंगीचे औषध दिले. तिची धडपड थांबली, आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरता येऊ लागली. ती मुलगी वाचली व पुढे १९७१ पर्यंत जगली.

आता प्रश्न उरला तो हातांचा. एकाच वेळी सत्तर रोगी असे श्वास घेत होते, आणि प्रत्येकाची पिशवी अहोरात्र कोणीतरी दाबीत राहणे अवश्य होते. सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्यांनी हे काम करीत गेले. त्यांच्या श्रमाचे तास १,६५,००० भरले. रोगी शुद्धीवर असत, बोलू मात्र शकत नसत. त्यांच्या डोळ्यांवरून त्यांचे मनोगत ओळखावे लागे. विद्यार्थी मुलांना गोष्टी वाचून दाखवीत. रोग्यांस झोप लागावी म्हणून रात्री दिवे मंद ठेवीत. त्या अंधुक उजेडात पिशवी दाबीत बसलेल्या विद्यार्थ्यास आपला रोगी केव्हा गेला हे कधी कधी कळतही नसे. पहाटे उजेड पडला म्हणजे आपण एका मृत देहात हवा भरीत होतो हे त्यास दिसे. वीस वर्षांच्या मुलाने ते कसे सोसले असेल, ह्याची कल्पनाच करावी. श्वास चालू राहणे आणि रोग्यावर लक्ष राहणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या रात्रींइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

ह्या विद्यार्थ्यांची कीर्ती योग्यच झाली. परंतु नळीत साठणारा कफ वेळोवेळी ओढून काढणे, नळीवाटे अन्न देणे, लुळ्या देहाची कूस बदलणे, नाडी व रक्तदाब टिपणे, नवख्यांच्या हातांवर देखरेख ठेवणे, हे सारे ज्यांच्याकडून होणे अवश्य होते, त्या परिचारिका इतिहासात बहुधा अनेकवचनातच येतात.

साथीनंतर, १९५३ च्या अखेरीस, इब्सेन ह्यांनी त्याच नगरातील दुसऱ्या रुग्णालयात अत्यवस्थ रोग्यांचा कायमचा विभाग उघडला, आणि ती पद्धत जगभर पसरली. हातांच्या जागी यंत्रे आली. मात्र यंत्राने परिचारिकेचे काम हलके केले, हा समज वरवरचा आहे. यंत्राची घंटा शंभर वेळां वाजते. त्यांतील कोणती निरर्थक व कोणती प्राणाशी गाठ घालणारी, हे तिलाच निवडावे लागते. आकडे अजून ठीक असतात, पण कातडीस ओलसर थंडपणा आलेला असतो, लघवी उतरलेली असते, रोगी उगाच चादर ओढू लागलेला असतो. ते प्रथम तिच्या ध्यानी येते व रात्री दोन वाजता डॉक्टरांस उठवावे की नाही, ह्याचा निर्णय तिला करावा लागतो. उठविले आणि काही नसले तर बोलणी खावी लागतात. न उठवावे तर रोगी जातो. २०२० च्या करोनाच्या साथीत रोग्यास पालथा निजविण्याचा उपाय सर्वत्र योजिला गेला. नळ्या न निसटू देता तो देह फिरविण्यास चार-पाच जणांचे सराईत हात लागत. अधिक यंत्रे विकत आणणे शक्य होते. असे हात बाजारात मिळत नाहीत.

यंत्राविना नुसत्या शुश्रूषेने काय होते, ह्याचे उदाहरण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात घडले. तेथील एका तरुण परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच अत्याचार झाला. मेंदूस इजा होऊन ती अंथरुणास खिळली. तिचे नाव महाराष्ट्रास ठाऊक आहे. ते येथे घेण्याचे प्रयोजन नाही. पुढील ४२ वर्षे तिच्या सहकारिणींनी, आणि त्या निवृत्त झाल्यावर तिला कधी चालता-बोलता न पाहिलेल्या नव्या मुलींनी, तिला भरविले, न्हाऊ घातले, कुशीवर वळविले. इतकी वर्षे निजून राहिलेल्या देहास अंथरुणाची एकही जखम झाली नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढे आली. ज्याने एखादा महिनाभर घरात आजारी माणूस सांभाळले आहे, त्यास ह्या एका वाक्याचे वजन कळेल.

तिचे अन्न बंद करून तिला मरू द्यावे, असा अर्ज एका लेखिकेने न्यायालयात केला होता. त्यामागेही करुणाच होती, हे आम्ही मान्य करितो. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने तो फेटाळिला, आणि निकटची व्यक्ती ह्या नात्याने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार लेखिकेचा नसून रुग्णालयातील सेवकवर्गाचा आहे, असे ठरविले. रक्ताचे नाते नसता केवळ शुश्रूषेमुळे हा अधिकार उत्पन्न झाला. निकाल कळताच परिचारिकांनी पेढे वाटले. काहींस ते विपरीत वाटले असेल.

१८ मे २०१५ रोजी फुप्फुसदाहाने तिचा अंत झाला. अखेरच्या दिवसांत तिला अतिदक्षता विभागात हलवून कृत्रिम श्वासयंत्र लाविले होते. बेचाळीस वर्षांत त्या विभागाची गरज पडली ती मुख्यतः तेवढ्या दिवसांपुरतीच.