तिवसा परिसरातील स्वातंत्र्यलढा
अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुका व लगतच्या गावांतील, विशेषतः १९४२ च्या आंदोलनातील स्थानिक सहभाग. मुंबईचे गवालिया टँक मैदान, नेत्यांची धरपकड आणि साताऱ्याचे प्रतिसरकार यांना पाठ्यपुस्तकांत जागा मिळते. वऱ्हाडातली गावे मात्र बहुधा एका ओळीत आटोपली जातात. वर्धा नदीपलीकडच्या आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ रोजी पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला आणि गोळीबार झाला. आष्टी, यावली आणि बेनोडा ही गावे आज नावापुढे ‘शहीद’ लावतात. खंजिरी भजनांतून गावोगाव जागृती करणारे, तालुक्यातील मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन करणारे तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांना ऑगस्टमध्ये अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत राहून ते डिसेंबरात सुटले. संत म्हणून ते सर्वपरिचित झाले, पण त्यांचा तुरुंगवास सहसा चरित्रांपुरताच उरला.
या विस्मरणाला कागदाचाही हातभार आहे. केंद्राच्या १९७२ च्या निवृत्तिवेतन योजनेत कैद्यांसाठी सर्वसाधारण अट सहा महिन्यांच्या कारावासाची होती. तुकडोजींचा कारावासही त्याहून कमी भरतो. निरोप पोचवणारे, फरारींना भाकरी देणारे तर तुरुंगाच्या नोंदवहीतही सापडत नाहीत.