चोरीचा बैल सापडला, खर्च कुणाचा?

चोरीस गेलेली गाडी पोलिसांना सापडली, तर ती आणण्याचा व सांभाळण्याचा खर्च कुणी द्यायचा, हा वाद नवा वाटतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो येऊन गेला आहे. गाडीच्या जागी गुरे, घोडे आणि रत्ने आहेत इतकेच.

तिसऱ्या अधिकरणाच्या सोळाव्या अध्यायानुसार हरवलेला वा चोरलेला माल सापडला की जकातीच्या ठाण्यावर ठेवावा. तीन पंधरवड्यांत कुणी दावा केला नाही, तर तो राजाचा. मालकी सिद्ध करणाऱ्याने ‘निष्क्रय’ भरावा: गाय-म्हशीला २ पण, घोड्यासारख्या एकखुरी जनावराला ४, लहान जनावराला पाव, रत्ने व इतर वस्तूंवर शेकडा ५. द्विपदासाठी ५ पण. हे द्विपद म्हणजे माणसेच, हे नजरेआड करू नये. याज्ञवल्क्यस्मृतीतही माणसांचे व जनावरांचे हेच दर आहेत.

म्हणजे ज्याचे चोरीला गेले, त्यानेच पुन्हा पैसे मोजायचे? अन्याय वाटतो खरा. पण त्याच अध्यायात राजावर याहून जड बोजा आहे: चोरीचा माल सापडलाच नाही, तर राजाने तो स्वतःच्या द्रव्यातून भरून द्यावा. सापडला तर मालकाचे दोन पण, न सापडला तर राजाच्या खजिन्यातून अख्खा बैल! तपासात कुचराई राजालाच महाग पडावी, अशी ही मांडणी दिसते.

मराठेशाहीत हा भार गावावर येई. चोराचा माग ज्या गावाच्या शिवेत पोहोचे, त्या गावाने तो पुढे काढून द्यायचा, अन्यथा नुकसान भरायचे. आणि पहिला जाब रखवालदार रामोश्याला.