वादळाचे बिनपगारी पहारेकरी

इतिहास लिहिणारांचें लक्ष बहुधा घडलेल्या गोष्टींकडे असतें. ती घडण्यापूर्वीं कोणीं तरी जी शंका बोलून दाखविली, तिचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. समुद्रावर उठणाऱ्या चक्री वादळांच्या बाबतींत मात्र हा शंकेचा इतिहासच अधिक बोधप्रद आहे. आज बंगालच्या उपसागरांत हवेचा दाब थोडा उतरला, तरी त्याची वार्ता तत्काळ सर्वत्र पसरते, आणि ‘येत्या दोन दिवसांत याचें वादळांत रूपांतर होण्याचा संभव आहे’ हें वाक्य आपण चहा घेतां घेतां ऐकतों. या साध्या वाक्यांतील ‘संभव’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणीं मिळवून दिला, हें पाहूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, ते लोक वेधशाळांचे अधिकारी नव्हते. कोणी खोगिरें करणारा, कोणी लष्करी इंजिनियर, तर कोणी व्यापारी जहाजावरचा कप्तान होता.

विल्यम रेडफील्ड हा अमेरिकेंतील कनेक्टिकट प्रांताचा रहिवासी. लहानपणीं तो खोगिरें करण्याचें काम शिकला; पुढें आगबोटींच्या वाहतुकीच्या धंद्यांत त्यानें नांव मिळविलें. ता. ३ सप्टेंबर १८२१ रोजीं त्या प्रांतावरून मोठें वादळ गेलें. त्यानंतर पायीं प्रवास करीत असतां त्याला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. मिडलटाउनच्या आसपास उन्मळून पडलेल्या झाडांचे शेंडे वायव्येकडे होते. परंतु तेथून सत्तर मैलांच्याहि आंत दुसऱ्या बाजूस तशींच झाडें आग्नेयीकडे शेंडे करून पडलीं होतीं. एकाच वादळानें परस्परविरुद्ध दिशांनीं झाडें पाडावीं, याचा अर्थ काय? रेडफील्डनें अर्थ काढला कीं, हें वादळ म्हणजे सरळ वाहणारा वारा नसून पुढें सरकत जाणारी एक प्रचंड वावटळ होती. हा विचार त्यानें दहा वर्षें मनांतच ठेवला. शेवटीं आगबोटीवर भेटलेल्या प्राध्यापक ऑल्मस्टेड यानें आग्रह केला, तेव्हां १८३१ सालीं त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. उन्हाळ्यांत खळ्यांतील पाचोळा गरगर फिरविणारी वावटळ कोणीं पाहिलेली नाहीं? परंतु शेंकडों मैल रुंदीची वावटळ एका दृष्टिक्षेपांत दिसत नाहीं. ती पडलेल्या झाडांवरून जुळवून पाहावी लागते.

त्याच १८३१ सालीं वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेट वादळानें उद्ध्वस्त झालें, आणि पडलेल्या इमारती पुन्हा उभारण्यासाठीं ब्रिटिश लष्करांतील इंजिनियर विल्यम रीड यास तेथें पाठविण्यांत आलें. भिंती उभारतां उभारतां, त्या पाडणारी शक्ति कोणत्या नियमानें चालते, हा प्रश्न त्याच्या मनांत घर करून बसला. त्यानें जहाजांच्या रोजनिशा मिळविल्या, त्यांतील वाऱ्याच्या दिशा नकाशावर मांडल्या, आणि १८३८ सालीं वादळांच्या नियमावर मोठा ग्रंथ लिहिला. विषुववृत्ताच्या उत्तरेस हीं वादळें घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें व दक्षिणेस त्या कांट्यांप्रमाणें फिरतात, हा नियम या दोघांच्या उद्योगानें स्थिर झाला.

रीडचा ग्रंथ कलकत्त्यास पोहोंचला आणि तेथें त्याला खरा वारस भेटला. हेन्री पिडिंग्टन हा मूळचा व्यापारी जहाजावरील कप्तान. समुद्र सोडून तो कलकत्त्यास स्थायिक झाला. तेथील भूगर्भविषयक संग्रहालयाची व्यवस्था पाहणें आणि जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायसभेचें अध्यक्षपद सांभाळणें, हीं त्याचीं कामें. वादळांचा अभ्यास हा केवळ त्याचा स्वतःचा नाद. १८३९ च्या जूनमध्यें उपसागरांत झालेल्या वादळावर त्यानें पहिला निबंध लिहिला व तो बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या मासिकांत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत गोदावरीच्या मुखाजवळील कोरिंगा बंदरावर समुद्राचा लोट चालून आला. पुढें जवळजवळ वीस वर्षें त्याची ही निबंधमाला चालू राहिली. हुगळींत शिरणाऱ्या, डोलकाठ्या मोडलेल्या जहाजांच्या कप्तानांकडून तो रोजनिशा मागून घेई. प्रत्येक कप्तानाला वादळाचा एकच तुकडा दिसलेला असे; ते तुकडे जोडून संपूर्ण वादळ कागदावर उभें करणें हें पिडिंग्टनचें काम होतें.

या कामीं त्याला एक विलक्षण साक्षीदार मिळाला. १८४५ च्या फेब्रुवारींत ‘चार्ल्स हेडल’ नांवाचें जहाज मॉरिशसहून निघालें व वादळांत सांपडलें. कप्तानानें वारा पाठीशीं घेऊन पळण्याचा मार्ग पत्करला, आणि जहाज दिवसामागून दिवस धांवत राहिलें. रोजनिशी नकाशावर उतरवून पाहिली, तेव्हां असें दिसलें कीं, तें वादळाच्या मध्याभोंवतीं पांच वेळां फिरलें होतें! घाण्याच्या बैलासारखी त्या जहाजाची गति झाली होती. परंतु त्या फेऱ्यांनीं वादळाचें चक्राकार स्वरूप प्रत्यक्ष रेखून दाखविलें.

१८४८ सालीं पिडिंग्टननें खलाशांसाठीं एक पुस्तक लिहिलें आणि त्याला ‘हॉर्न-बुक’, म्हणजे मुलांची मुळाक्षरांची पाटी, असें नांव दिलें. नांवांत श्लेष होता, कारण पुस्तकाबरोबर शिंगाच्या पारदर्शक पातळ चकत्या दिलेल्या असत. त्यांवर वर्तुळें व बाण काढलेले. खलाशानें चकती नकाशावर ठेवावी, आपल्या जहाजावरील वाऱ्याची दिशा बाणाशीं जुळवावी, कीं वादळाचा मध्य कोणीकडे आहे हें कळे. याच पुस्तकांत त्यानें या वादळांना ग्रीक भाषेवरून ‘सायक्लोन’ हें नांव दिलें. सापाच्या वेटोळ्याची कल्पना त्याच्या मनांत होती. जगाच्या बहुतेक भाषांत शिरलेला हा शब्द कलकत्त्यांतील एका हौशी निरीक्षकाच्या टेबलावर जन्मला, हें आपल्यांतील थोड्यांनाच ठाऊक असेल. चकतीवरील वर्तुळ मात्र संपूर्ण सत्य नव्हतें. एस्पी नांवाचा अमेरिकन शास्त्रज्ञ, वारा मध्याकडे आंत धांवतो, असें रेडफील्डशीं भांडून सांगत होता. दोघांचेंहि थोडें थोडें खरें होतें, कारण वारा फिरत फिरत आंत ओढला जातो. म्हणजे चकती मध्य दाखवी तो अदमासानेंच. परंतु बुडत्या जहाजावर अदमासाचीहि किंमत फार असते.

आतां ज्या प्रसंगासाठीं हा लेख लिहिला त्याकडे वळूं. हुगळी नदी गाळानें भरत चालली असून कलकत्त्याचें बंदर कधीं तरी निकामी होईल, अशी भीति त्या काळीं व्यापाऱ्यांस वाटत होती. म्हणून आग्नेयीस सुंदरबनाच्या कडेला मातला नदीवर नवें बंदर वसविण्याची योजना निघाली. नदी रुंद, पाणी खोल, समुद्र जवळ. पिडिंग्टनला नेमकें हें शेवटचेंच भय वाटलें. १८५३ सालीं त्यानें गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यांस उद्देशून एक प्रकट पत्र छापलें. उपसागर उत्तरेस निमुळता व उथळ होत जातो. वादळाच्या रेट्यानें आलेल्या पाण्यास पसरावयास जागा उरत नाहीं, म्हणून तें भिंतीसारखें जमिनीवर चढतें. अशा एखाद्या वादळांत हें नवें गांव पांचपासून पंधरा फूट पाण्याखालीं जाईल, असा त्या पत्राचा आशय होता. तें वादळ कोणत्या वर्षीं येईल हें तो सांगूं शकत नव्हता. आणि तसें सांगण्याचें ढोंगहि त्यानें केलें नाहीं.

पत्राचा उपयोग झाला नाहीं. १८५८ सालीं पिडिंग्टन वारला. मातलेकांठीं बंदर उभें राहिलें. त्याला लॉर्ड कॅनिंगचें नांव मिळालें, रेल्वे आली, धक्के व हॉटेल झालें. अमेरिकन यादवीच्या काळांत कापसाच्या तेजीनें मुंबईंत जो पैशाचा पूर आला, त्यांतील कांहीं पैसाहि पोर्ट कॅनिंग कंपनीच्या शेअरांकडे धांवला. ता. ५ ऑक्टोबर १८६४ रोजीं प्रचंड वादळानें हुगळींतील जहाजें काड्यांसारखीं उधळून दिलीं आणि सुमारें साठ हजार माणसें मेलीं. यावरून जो धडा घ्यावयाचा तो घेतला जाण्यापूर्वींच १८६७ च्या नोव्हेंबरच्या आरंभीं पोर्ट कॅनिंगवर वादळ आलें. सुमारें सहा फूट उंचीचा पाण्याचा लोट गांवावरून गेला. स्टेशन, मालाच्या वखारी, हॉटेल, सर्व जमीनदोस्त झालें. कांहीं वर्षांतच सरकारनें तें बंदर सोडून दिलें.

येथें सरकारास मूर्ख ठरवून मोकळें होणें सोपें आहे. परंतु तें न्यायाचें होणार नाहीं. एका पारड्यांत रोज डोळ्यांना दिसणारा गाळ होता. दुसऱ्यांत केव्हां तरी येणारें, कदाचित् शंभर वर्षें न येणारें वादळ. माणूस दिसणाऱ्या संकटाला भितो आणि संभवनीय संकटाला तर्कट म्हणतो. १८६६ पर्यंत पिडिंग्टनचें भय फुकट गेलेंच होतें, असेंहि कोणास म्हणतां आलें असतें. पहारेकऱ्याची खरी कसोटी हीच. पूर्ण खात्री होईपर्यंत तो थांबला, तर त्याचें बोलणें निरुपयोगी ठरतें. खात्री होण्यापूर्वीं बोलला, तर अनेकदां तो खोटा पडतो. पिडिंग्टननें दुसरा धोका पत्करला, आणि माझ्या मतें त्याचा मोठेपणा ‘सायक्लोन’ या शब्दापेक्षां या पत्रांत अधिक आहे.

पुढें १८६५ पासून कलकत्ता बंदराला वादळाची सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली, आणि १८७५ सालीं हिंदुस्थानचें हवामान खातें स्थापन होऊन ब्लॅनफर्ड हा त्याचा पहिला प्रमुख झाला. हौशी निरीक्षकांचा उद्योग अशा रीतीनें सरकारी खात्याच्या हातीं आला. तथापि ज्ञान वाढलें म्हणून ऐकण्याची संवय आपोआप वाढत नाहीं. १९९९ च्या ऑक्टोबरांत ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या महावादळांत सुमारें दहा हजार लोक दगावले. तें येत असल्याची सूचना आधीं मिळालेली होती. १९९९ नंतर तेथें आश्रयस्थानें बांधलीं गेलीं, गांवोगांवीं स्वयंसेवक तयार झाले. आणि २०१३ च्या ऑक्टोबरांत ‘फायलिन’ वादळ आलें तेव्हां लाखों लोक आधींच घरें सोडून गेल्यामुळें मृतांचा आंकडा शंभराच्या आंत राहिला. मधल्या चौदा वर्षांत आकाशांतील यंत्रें सुधारलीं हें खरें. परंतु त्याहून मोठी गोष्ट ही कीं, एका किनाऱ्यानें ‘संभव आहे’ एवढ्या शब्दावर उठून चालूं लागण्याची विद्या आत्मसात केली. ज्या वर्षीं वादळ ऐनवेळीं दुसरीकडे वळेल त्या वर्षीं, रिकाम्या घरांकडे परत येतांना पहारेकऱ्यास शिव्या न देणें, हा त्या विद्येचा अखेरचा व सर्वांत कठीण धडा होय.

कलकत्त्याहून सुंदरबनाकडे जाणारे लोक आजहि रेल्वेनें कॅनिंगला उतरतात. ज्या रेल्वेनें महासागरांतील जहाजांचा माल वाहून न्यावयाचा होता, ती आतां रोजच्या गर्दीचीं माणसें आणून सोडते. बंदर राहिलें नाहीं. पत्र मात्र राहिलें.